यंदाचा म्हातारा

ड्वेनची बॅग ऑक्टोबरपासून दाराशी उभी होती. काळी, चाकांची, एक चाक वाकडं. तिच्यात आमचे पासपोर्ट, त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या, दोन टॉर्च, थोडे रोख डॉलर आणि सुकवलेल्या मांसाची पाकिटं होती. दार उघडताना ती दर वेळी मला आडवी यायची आणि मी तिला लाथ मारायचे.

"मार्लिस, जपून. आत औषधं आहेत," तो आतून ओरडायचा.

"मग ती घे एकदाची. भीतीवर पण बघ काही मिळतं का."

आम्ही मूळचे मिनेसोटाचे. ड्वेनची सगळी नोकरी जिल्ह्याच्या रस्ते खात्यात गेली, बहुतेक मुकादम म्हणून. हिवाळ्यात बर्फ उपसायचा, उन्हाळ्यात खड्डे बुजवायचे. वादळात समोरचा हात दिसत नसायचा तेव्हा हा माणूस गाडीला फाळ लावून बाहेर पडायचा आणि सकाळी घरी येऊन शांतपणे अंडी खायचा. निवृत्त झाल्यावर आमच्या पेन्शनीत तिकडे एक तर घर गरम ठेवता आलं असतं, नाही तर डॉक्टरकडे जाता आलं असतं. म्हणून आम्ही इक्वेडोरला आलो, क्वेंका शहरात घर घेतलं. त्याला आता अकरा वर्षं झाली.

मग देशाचं बिनसलं. पाऊस पडला नाही, नद्या आटल्या, धरणं रिकामी झाली आणि वीज अर्धा-अर्धा दिवस जायला लागली. किनाऱ्याकडच्या शहरांत टोळ्यांचा धुमाकूळ चालू होता. फेब्रुवारीत निवडणूक होती आणि कोण येणार, आलेला किती टिकणार, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. हे सगळं खरं होतं, मी नाही म्हणत नाही. पण आमच्या गल्लीत काय झालं म्हणाल तर फ्रीजमधलं दूध नासलं. दुसरं काही नाही.

ड्वेनला खरा रोग जडला तो गुरुवारच्या नाश्त्याचा. शहरातले आमच्यासारखे दहा-बारा म्हातारे ग्रिंगो, म्हणजे गोरे परदेशी, नदीकाठच्या एका हॉटेलात जमायचे. पूर्वी तिथे गुडघे आणि नातवंडं यांच्यावर बोलणं व्हायचं. आता फक्त पळायचं कसं यावर. सगळ्यांचा पुढारी गॉर्डन, कॅनडाचा. आयुष्यभर यानं विमा विकला, म्हणजे लोकांना भीती विकली. आता तीच फुकट वाटत होता.

"हे निवडून आले तर डॉलर जाऊन इथलं जुनं चलन परत येणार," गॉर्डन म्हणायचा. "ते निवडून आले तर रस्ते बंद होणार."

"आणि कोणीच नीट निवडून आलं नाही तर?" मी विचारलं.

"ते तर सगळ्यात वाईट."

पाच वर्षं राहिलेल्या परदेशी माणसालाही इथे मत देता येतं. त्या टेबलावर माझ्याशिवाय एकानंही नाव नोंदवलेलं नव्हतं. इतका कळवळा देशाच्या भवितव्याचा, आणि महापौराचं नाव विचारलं तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत. मी एकदा तसं विचारलंही. त्यानंतर गुरुवारी मला कोणी बोलवेना. ड्वेन एकटा जायचा, घरी येताना चेहरा पाडून यायचा आणि रात्रंदिवस त्या टोळक्याच्या ग्रुपवरचे मेसेज वाचत बसायचा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, इथे तर गॉर्डन त्या ब्रह्मराक्षसाला फोटोसकट घरपोच पाठवत होता.

परत जायचं म्हणजे कुठे, तर आमच्या मुलीच्या, क्रिस्टिनच्या तळघरात. मुलगी गुणी आहे, जावईही बरा आहे. पण त्या तळघराची खिडकी म्हणजे छताला लागून एक फट, तीही नोव्हेंबर ते एप्रिल बर्फाखाली. पाव आणायचा तरी कोणीतरी गाडी काढायला हवी. इथे मी पायी बाजारात जाते, चार माणसांशी भांडते, दोघांकडून मिरच्या फुकट घेते. त्र्याहत्तराव्या वर्षी ते सोडून दुसऱ्याच्या घरात पावलं न वाजवता चालायचं? मी ड्वेनला स्वच्छ सांगितलं की मी येणार नाही.

खूप आदळआपट झाली. शेवटी तो म्हणाला, "एक जानेवारीपर्यंत थांबू. तोवर काही झालं नाही तर बॅग रिकामी करतो."

"शब्द?"

"शब्द."

ड्वेनचा शब्द म्हणजे शब्द. त्यामुळे डिसेंबरभर मी एवढंच मागत होते की गल्लीत काही होऊ नये. कोणाचं डोकं फुटू नये, ट्रान्सफॉर्मर उडू नये, कुत्रंसुद्धा जोरात भुंकू नये. आणि खरोखर महिना गुण्यागोविंदानं गेला. वीजही परत आली. नाताळच्या मिरवणुकीत ड्वेन चक्क रस्त्यावर येऊन उभा राहिला, आणि मला वाटलं, जिंकले मी.

नाताळानंतर एक दिवस मी कोपऱ्यावरच्या झोइलाच्या दुकानात गेले. आत झोइला, सुतार रोमुलो आणि बेकरीवाला सेगुंदो डोकी एकत्र करून खुसखुसत होते. मला बघून गप्प झाले.

"वेसी, बरं झालं आलात," झोइला म्हणाली. वेसी म्हणजे शेजारीण, इथे सगळे सगळ्यांना तेच म्हणतात. "एक काम होतं. तुमच्या ह्यांचं एखादं जुनं जॅकेट मिळेल?"

"आणि टोपी," रोमुलो म्हणाला. "टोपी मिळाली तर सोन्याहून पिवळं."

माझ्या लक्षात यायला क्षणही लागला नाही. एकतीस डिसेंबरला इथे गल्लोगल्ली भुशाचा म्हातारा करतात. म्हातारा म्हणजे सरतं वर्ष. त्याला दिवसभर खुर्चीवर बसवून ठेवायचं, बाप्यांनी काळे कपडे घालून त्याच्या विधवा व्हायचं, गळे काढायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याकडून पैसे उकळायचे आणि बाराच्या ठोक्याला त्याला पेटवायचं. बाकीचे लोक पुढाऱ्यांचे म्हातारे करतात. आमची गल्ली पुढाऱ्यांवर भुसा वाया घालवत नाही. आपल्यातलाच एक निवडते. आदल्या वर्षी सेगुंदो झाला होता, कारण त्याचे पाव दर महिन्याला लहान होत चालले होते. त्याच्या म्हाताऱ्याच्या एका हातात सुपारीएवढा पाव आणि दुसऱ्या हातात भिंग दिलं होतं. सेगुंदो दिवसभर शेजारी उभा राहून फोटो काढून घेत होता आणि रात्री आनंदानं रडला. त्याच्या आधी झोइलाचाही झाला होता. अकरा वर्षांत ग्रिंगोचा म्हातारा मात्र कधी झाला नव्हता.

"ड्वेनचा करताय?" मी विचारलं.

"करायलाच हवा," रोमुलो म्हणाला. "गटार तुंबलं की फावडं घेऊन कोण उतरतं? पालिकेच्या माणसांना त्या भयंकर स्पॅनिशमध्ये शिव्या कोण घालतं? आणि वर ती बॅग! वेसी, आम्ही नव्या वर्षात प्रवास घडावा म्हणून एकतीसला बॅग घेऊन गल्लीला एक फेरी मारतो. हे तर ऑक्टोबरपासून तयारीत! यांना चंद्रावर जायचंय की काय?"

मग त्यानं म्हाताऱ्याचं मृत्युपत्र म्हणून दाखवलं. तेही दर वर्षी असतं, जाळण्याआधी वाचतात. छातीवर हात ठेवून, डोळे मिटून रोमुलो सुरू झाला. "मी, ड्वेन, भीतीनं अर्धमेला असलो तरी शुद्धीवर असून लिहितो की माझं फावडं मी पालिकेला ठेवतो, कारण त्यांनी ही वस्तू आजवर पाहिलेली नाही. माझ्या मिशा सेगुंदोच्या टकलाला. माझं स्पॅनिश समुद्रात बुडवावं, खोल. बायको गल्लीला ठेवतो, ती तशीही माझं ऐकत नाही."

हसून हसून मला झोइलाच्या बटाट्यांच्या पोत्यावर बसावं लागलं.

घरी येऊन मी रस्ते खात्याचं त्याचं नारिंगी जॅकेट काढलं, चंदेरी पट्ट्यांचं, कोपरावर विरलेलं. टोपीही घेतली. दोन्ही नेऊन दिली. तेव्हा झोइलानं विचारलं, "घाबरणार नाहीत ना? आजकाल चेहरा उतरलेला असतो."

"घाबरतोय कशाला! अकरा वर्षं बघतोय."

बघत होता हे खरं, पण खिडकीतून. आणि ज्याचा म्हातारा असतो त्याला आधी सांगायचं नाही, अशी रीत आहे. मला वाटलं, गॉर्डनच्या सगळ्या मेसेजांना हे एक उत्तर पुरेल. तू आमच्यातला आहेस, असं एवढ्या मोठ्यानं याला आजवर कोणी सांगितलं होतं?

एकतीस तारखेला सकाळी ड्वेन पाव आणायला गेला आणि पाव न घेताच परत आला. ओठ पांढरे पडलेले.

"त्यांनी मला बांधून ठेवलंय," तो म्हणाला.

"कोणी?"

"दुकानासमोर. खुर्चीला. माझी टोपी, माझं जॅकेट. बाजूला पेट्रोलचा डबा. आणि लोक हसताहेत, मार्लिस. मला बघून टाळ्या वाजवल्या त्यांनी."

मी मूर्ख, मला हसू फुटलं. "अरे, तो म्हातारा आहे! यंदा तुझी निवड झाली! सेगुंदोचा नाही का केला होता?"

"माझे कपडे त्यांच्याकडे कसे गेले?"

"मी दिले."

तो माझ्याकडे बघत राहिला. "तू दिलेस," तो म्हणाला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि मग वाजतच राहिला. यानं घरी यायच्या आधी त्या बाहुल्याचा फोटो ग्रुपवर टाकलेला होता. खाली सल्ल्यांचा पाऊस. दारं लावून घ्या. दूतावासाला कळवा. हे असंच सुरू होतं. आधी बाहुले जाळतात. एकानंही, अहो एकानंही, लिहिलं नव्हतं की आज एकतीस डिसेंबर आहे आणि अख्खा देश बाहुले जाळतो. उचलली जीभ लावली टाळ्याला.

मग गॉर्डनचाच फोन आला. त्यानं आणि आणखी दोन जोडप्यांनी व्हॅन ठरवली होती. दुपारी ग्वायाकिलच्या विमानतळाकडे निघायचं, मिळेल त्या विमानानं घरी. आमच्यासाठी दोन जागा ठेवतो म्हणाला.

"ग्वायाकिल!" मी ओरडले. "टोळ्यांच्या सगळ्या बातम्या जिथून येतात ते ग्वायाकिल? क्वेंकात भीती वाटते म्हणून तिथे जाताय? आगीतून फुफाट्यात जायला निदान आधी आग तरी लागू दे!"

"ओरडू नकोस."

"तू शब्द दिला होतास. एक तारीख उद्या आहे."

"काही झालं नाही तर, असं म्हणालो होतो. हे झालं."

"हा भुसा आहे, ड्वेन! भुसा आणि चिंध्या!"

मी त्याला सगळं सांगितलं. फावडं सांगितलं, गटार सांगितलं, सेगुंदो कसा रडला ते सांगितलं. तो ऐकत होता. पेट्रोलची भीती ओसरत चाललेली मला दिसत होती, आणि मी मनात म्हटलं, आता येईल ताळ्यावर. मग त्यानं हळूच विचारलं, "बॅगेचं त्यांना कसं कळलं?"

"दार उघडलं की रस्त्यावरून दिसते. सगळ्यांना ठाऊक आहे."

"म्हणजे तीन महिने हसताहेत."

"सगळे सगळ्यांवर हसतात इथे."

"माझ्यावर आजपर्यंत कोणी हसलेलं नाही," ड्वेन म्हणाला.

मला त्याची दया आली आणि त्याहून जास्त राग आला. चाळीस वर्षं हाताखालच्या माणसांनी ज्याला सलाम ठोकले त्याला आता कोणी चिडवलेलं सोसत नव्हतं, आणि त्यापायी माझं घर उठणार होतं. भीतीशी मी भांडले असते. या अहंकाराशी कसं भांडायचं ते मला कळत नव्हतं.

दुपारपर्यंत तो कागदपत्रं बघत होता, मी तीच ती भांडी घासत होते. शेवटी त्यानं कोट चढवला.

"तुझी जागा आहे गाडीत," तो म्हणाला.

"माझी जागा इथे आहे."

"क्रिस्टिनला काय सांगू?"

"सांग, आई घरी आहे."

तो थांबला. मला वाटलं बसेल खाली. त्यानं माझा पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला, बॅगेची मूठ धरली आणि दार उघडलं.

गॉर्डन व्हॅन गल्लीत आणायला तयार नव्हता. पलीकडे मोठ्या रस्त्यावर थांबला होता. त्यामुळे ड्वेनला सगळ्या गल्लीसमोरून चालत जावं लागलं. दुकानापाशी गर्दी होती, गाणी लागली होती, दालचिनी घातलेली गरम दारू फिरत होती. खुर्चीवर तो दुसरा ड्वेन बसला होता, एका हाती फावडं, दुसऱ्या हाती पुठ्ठ्याची बॅग. आणि इकडून खरा ड्वेन खरी बॅग घेऊन निघाला. वाकडं चाक दगडांवर खडखडत होतं.

मग जो जल्लोष झाला तो काय सांगू! त्यांना वाटलं, हा सोंगात सामील झाला. सेगुंदोनं शिट्ट्या मारल्या. बायकांनी रुमाल हलवले. रोमुलो काळा झगा घालून, ओठ रंगवून, छातीशी दोन फुगे बांधून विधवा झाला होता, त्यानं धावत येऊन रस्त्यात लोळणच घेतली. ड्वेनचा पाय धरून त्यानं हंबरडा फोडला.

"अगं बाई गं, चालला गं माझा ग्रिंगो! कोणाच्या जिवावर टाकून चाललास रे मला! गटार कोण उपसणार रे आता!"

ड्वेननं पाय सोडवून घेतला. मान खाली घालून चालत राहिला. लोक पोट धरधरून हसत होते, काय नट आहे म्हणत होते, मागून टाळ्या वाजवत होते. कोपऱ्यावर तो वळला आणि दिसेनासा झाला.

"फेरी मारताहेत," रोमुलो धुळीतून उठत म्हणाला. "आता त्या कोपऱ्यावरून येतील बघा. गाणं वाढव रे!"

सगळी गल्ली दुसऱ्या कोपऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. सेगुंदोनं त्याच्यासाठी पेला भरून धरला. आमची गल्ली केवढीशी, झोइला तिचे दुखरे गुडघे घेऊन फेरी मारते तरी चूल विझायच्या आत घरी येते. त्या कोपऱ्यावरून एक कुत्रं आलं. लोक हसले. मग गॅसच्या टाक्यांची गाडी आली. थोडे हसले. मग कोणी आलं नाही. सेगुंदोनं पेला खाली ठेवला.

मी दारात उभी होते. मी सांगायला हवं होतं. पण खरं सांगते, मीही त्याच कोपऱ्याकडे बघत होते.

झोइला रस्ता ओलांडून आली. "वेसी, ते खरंच गेले?"

"खरंच."

तिनं वळून गाणं बंद करायला सांगितलं. रोमुलो आला, डोळ्यांतलं काजळ गालावर उतरलेलं. "वेसी, आई शपथ, आम्ही आपलं कौतुकानं... मी उतरवतो त्याला. आत्ता उतरवतो."

"हात लावशील तर याद राख," मी म्हटलं. "अकरा वर्षं लागली त्याला त्या खुर्चीवर बसायला. पेटवा नीट, वेळेवर पेटवा." आणि मग मला रडू आलं. गल्लीतल्या सगळ्यांसमोर, रागानं, मोठ्यानं.

झोइलानं मला दंडाला धरून दुकानासमोरच्या बाकावर नेलं. तिथे चारजणी उकडलेल्या मक्याच्या दाण्यांची सालं काढत बसल्या होत्या. झोइलाचा नवरा न्यू जर्सीला गेला तेव्हा तिची धाकटी रांगत होती. शेजारच्या तार्हेलियाचा नवरा न्यूयॉर्कला, छपरं घालतो. तिसरीचा कुठे आहे ते तिलाही नक्की ठाऊक नाही. या भागात कोणत्या घरचा पुरुष तिकडे नाही? त्यांच्या पाठवलेल्या पैशांवर इथली निम्मी घरं उभी आहेत. अकरा वर्षं मी या बाकावर टेकत होते, पण पाहुण्यासारखी, पिशवी मांडीवर घेऊन. त्या दिवशी बायका न सांगता सरकल्या.

"बस," झोइला म्हणाली. आजवर ती मला अहो-जाहो करत होती.

"कुठल्या गावी गेले?" तार्हेलियानं विचारलं.

"मिनेसोटा."

"न्यूयॉर्कच्या जवळ आहे?"

"नाही. लांब. आणि थंड."

"मग आमच्या ह्यांच्याशी गाठ पडायची नाही," ती म्हणाली.

"तो परत येईल," मी म्हटलं. "तिरसट आहे, पण येईल. निवडणूक झाली की येईल. दोन महिन्यांच्या आत येतो की नाही बघा."

झोइलानं मक्याचं एक पातेलं माझ्या मांडीवर ठेवलं आणि दाणा कसा चिमटायचा ते दाखवलं.

"रविवारी फोन करतात," ती म्हणाली. "पहिली काही वर्षं अगदी न चुकता."